घरगुती दुरुस्तीनंतर संगणक सुरू होत नसेल तर

घरच्या घरी संगणकाचा एखादा भाग बदलल्यावर बटण दाबूनही काहीच झाले नाही, तर पहिला संशय सहसा नव्या भागावर घेतला जातो. मात्र दुरुस्तीपूर्वी चालणारा संगणक दुरुस्तीनंतर बंद पडला असेल, तर दोष आधी शोधायचा तो आपला हात जिथे जिथे लागला तिथे, आणि हात केवळ बदललेल्या भागालाच लागतो असे नाही. रॅम बसवताना शेजारची केबल सैल होते, पंखा काढताना त्याची तार निसटते, आणि हातातून सुटलेला स्क्रू मदरबोर्डखाली, म्हणजे सर्व भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीखाली, जाऊन बसतो. म्हणून दुसरा नवा भाग विकत घेण्याआधी केलेले काम उलट्या क्रमाने तपासावे.

तपासणीपूर्वी संगणकाची वायर भिंतीतल्या सॉकेटमधून काढावी, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो, आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करून अंगावरची स्थिर वीज उतरवावी. एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या सर्व भागांना वीज पुरवणारा डबा, मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

पंखा, दिवा, आवाज असे काहीच नसेल, तर एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच बंद राहिला आहे का, हे प्रथम पाहावे. ही सूचना बाळबोध वाटेल, पण तो स्विच खरोखरच विसरला जातो. त्यानंतर मदरबोर्डची २४ पिनांची रुंद जोडणी पाहावी. ती बरीच घट्ट असते आणि तिची कडी ‘टक्’ आवाज करून अडकेपर्यंत ती पूर्ण बसलेली नसते. तीही ठीक असेल, तर कॅबिनेटच्या बटणातून येणारी दोन पिनांची बारीक जोडणी योग्य जागी आहे का, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेतील आकृतीवरून ताडून पाहावे. बटणाच्या तारा उलटसुलट लागल्या तरी चालते. दिव्यांच्या तारा उलट लागल्या तर फक्त दिवा लागत नाही. पंखे क्षणभर फिरून थांबत असतील, तर कुठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता मोठी असते. मदरबोर्ड बाहेर काढून त्याखाली पडलेला स्क्रू किंवा नको त्या जागी राहिलेला पितळी खुंट (मदरबोर्ड ज्यांवर टेकतो त्यांपैकी एक) शोधावा.

पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो, हा प्रकार अधिक आढळतो आणि अधिक चकवतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असताना मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये लावलेली नाही ना, हे आधी पाहावे. प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची वेगळी वीजजोडणी आणि ग्राफिक्स कार्डाची स्वतःची वीजजोडणी या दोन्ही जागेवर आहेत, याची खात्री करावी. मग रॅमकडे वळावे. पट्टी एका बाजूने बसते आणि दुसरीकडे केसभर वर राहते, हे वरून पाहून कळत नाही. बाजूने टॉर्चच्या उजेडात पाहावे आणि पट्टीची खालची कडा स्लॉटला सरळ समांतर आहे का ते तपासावे. चार स्लॉट असलेल्या बहुतेक मदरबोर्डांवर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. रॅम डीडीआर५ या प्रकारची असेल, तर पहिल्यांदा सुरू करताना ती जुळवून घेण्यासाठी संगणक काही मिनिटे काळ्या पडद्यावरच थांबू शकतो. या काळात अधीर होऊन वीज बंद करू नये. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासण्याची सवय सर्वत्र दिसते, पण त्याने बारीक कण मागे राहतात आणि मुलामाही झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेले, धागे न सुटणारे कापड वापरणे केव्हाही श्रेयस्कर.

एवढ्यानेही पडदा उजळला नाही, तर मदरबोर्ड, कूलरसह प्रोसेसर, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस इतकेच जोडून सुरू करून पाहावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ आहे, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते, त्यामुळे तिथे कार्ड ठेवावेच लागते. मग एकेक भाग वाढवत जावे. ज्या भागानंतर संगणक अडतो, त्या भागावर किंवा त्याच्या जोडणीवर संशय घ्यावा. वीज पूर्ण बंद करून मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी काही मिनिटे काढून ठेवल्यास बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करून देणाऱ्या मदरबोर्डमधील मूळ प्रणालीच्या, सेटिंग्ज मूळ स्थितीत येतात. तारीख, वेळ आणि बूटचा क्रम (कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचे तो) मात्र त्यानंतर पुन्हा लावावा लागतो.

पडदा दिसतो पण डिस्क सापडत नाही, अशा वेळी साटा (केबलने जोडल्या जाणाऱ्या) डिस्कच्या डेटाची व विजेची, अशा दोन्ही केबल पाहाव्यात. काही मदरबोर्डांवर एम.२ स्लॉट (थेट बोर्डवर बसणाऱ्या पट्टीसारख्या डिस्कची जागा) वापरला की एखादे साटा पोर्ट आपोआप बंद होते. एसएमपीएस बदलला असेल, तर त्याच्या जुन्या सुट्या केबल नव्याला कधीही लावू नयेत. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना सर्व उत्पादकांची एकसारखी नसते, त्यामुळे ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क कायमची जळू शकते.

संगणक सुरू होऊन थोड्याच वेळात बंद पडत असेल, तर कूलर काढून पाहावा. त्याच्या तळाची संरक्षक फिल्म तशीच राहिलेली असणे, जुन्या थर्मल पेस्टवरच (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या लेपावरच) कूलर पुन्हा बसवलेला असणे किंवा पंख्याची तार प्रोसेसरच्या पंख्यासाठीच्या जोडणीत नसणे, ही नेहमीची कारणे आहेत. बायोसमध्ये प्रोसेसरचे तापमान एक-दोन मिनिटांत ९० अंश सेल्सिअसच्या पुढे जात असेल, तर संगणक तत्काळ बंद करावा.

जळका वास आला किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधील पिना वाकलेल्या दिसल्या, तर स्वतःचे प्रयत्न तिथेच थांबवावेत. तंत्रज्ञाकडे संगणक नेताना कोणता भाग बदलला, काय काय सोडवले आणि कोणत्या जोडणीपर्यंत तो चालत होता, हे लिहून द्यावे.