लेकराला घेऊन गळ टाकायला जाताना

तळं आधी ठरवा. बरीच तळी मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेली असतात, तेव्हा विचारूनच बसा. धरणाखालच्या नदीपात्रात मूल नेऊच नका. पाणी सोडलं की पळायला वेळ मिळत नाही.

मुलासाठी सहा-सात फुटी बांबूची काठी पुरते. रीळ नको, गुंताच सोडवत बसाल. काठीएवढाच तंगूस (नायलॉनचा दोरा), ०.२० ते ०.२५ मिमी जाडीचा. दहा किंवा बारा नंबरचा गळ (नंबर वाढला की गळ लहान). गळाच्या वर चार बोटांवर शिशाचा मणी, त्यावर हात-दीड हातावर मोरपिसाच्या देठाचा तरंगा. शिसं जड झालं तर तरंगाच बुडतो, मग मासा लागल्याचं कळणार कसं?

चिलापी (तिलापिया) माशाला आमिष म्हणून गांडूळ उत्तम. अख्खं लावू नका, लोंबतं टोक कुरतडून मासा निघून जातो. नखाएवढा तुकडा टोकापर्यंत ओवा. कणीक वापरायची तर घट्ट मळा आणि कापसाचे चार तंतू मिसळा, नाहीतर पाण्यात विरघळते.

तरंगा नुसता थरथरला तर थांबा. तिरका सरकला किंवा बुडाला की मनगटाने हलका झटका. मुलं जोरात ओढतात, मासा तोंड फाटून सुटतो, वर गळ मागच्याच्या अंगावर! म्हणून बापाने मागे नव्हे, शेजारी बसावं.

शिंगटी (मिशांचा काटेरी मासा) लागली तर ती मुलाला सोडवू देऊ नका. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा लागला की हात ठणकतो. ओल्या फडक्यात धरून पकडीने गळ काढा.