शाळेचा डबा: सुट्टीत उघडेपर्यंत चांगला राहील असा

डबा भरला जातो सकाळी साडेसहा-सातला आणि खाल्ला जातो साडेदहा-अकराला. त्याची खरी परीक्षा या चार तासांनंतर होते. पहिली-दुसरीतल्या मुलाच्या हाताशी मोठ्या सुट्टीत पंधरा-वीस मिनिटं असतात, त्यातली काही हात धुण्यात आणि झाकण उघडण्यात जातात. गार झालेलं, हाताने सहज तुटणारं आणि न सांडणारं अन्नच त्या वेळात संपतं. डब्यातला पदार्थ कितीही पौष्टिक असला, तरी वातड होऊन परत आला तर पोटात काहीच गेलं नाही.

प्रमाणासाठी सरकारी शाळांतल्या पोषण आहाराचा हिशेब समोर ठेवा. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी त्यात 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी धरलेली असते. एकूण 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं. हे पूर्ण जेवणाचं प्रमाण आहे. घरच्या डब्यात पोळी किंवा भात बहुधा पुरेसा असतो, कमी पडते ती डाळ आणि भाजी. 20 ग्रॅम डाळ म्हणजे दीड-दोन मोठे चमचे कोरडी डाळ, फार काही नाही. पण बटाट्याची भाजी आणि पोळी असा डबा आठवड्यातून तीनदा गेला, की एवढीही जात नाही.

पोळी मऊ राहण्यासाठी

डब्याच्या पोळीची कणीक नेहमीपेक्षा किंचित सैल भिजवा. दोन वाट्या पिठाला पाऊण ते एक वाटी पाणी (पीठ जुनं-नवं असेल तसं कमीजास्त) आणि दोन चमचे तेल. वीस-तीस मिनिटं झाकून ठेवा. घाईत भिजवून लगेच लाटलेल्या पोळीत पाणी नीट मुरत नाही आणि ती तासाभरात कडक होते. तवा चांगला तापलेला हवा. मंद आचेवर पोळी बराच वेळ राहते, तेवढ्यात तिच्यातलं पाणी उडून जातं आणि ती पापडासारखी होते. भाजल्यावर एका बाजूला तूप लावून घडी करा आणि फडक्यावर दोन-तीन मिनिटं वाफ जाऊ द्या. तव्यावरून थेट डब्यात टाकली तर झाकणाला पाणी सुटतं, ते खाली ठिबकतं आणि पोळी ओली चिकट होते.

पोळ्या लहान लाटा, तळहातापेक्षा थोड्या मोठ्या. सहा वर्षांच्या मुलाला मोठी पोळी एका हाताने तोडता येत नाही. दोन्ही हातांनी तोडायला गेलं की भाजी घ्यायला हात उरत नाही, मग नुसती पोळी खाल्ली जाते आणि भाजी तशीच परत येते. अगदी लहान मुलांसाठी भाजी पोळीत भरून सुरळी करा आणि तिचे दोन तुकडे करून द्या.

उसळ ही डब्याची सर्वांत भरवशाची भाजी आहे. एक वाटी मटकी आठ तास भिजवा, पाणी काढून फडक्यात बांधा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत जास्त वेळ लागतो. आंबूस वास आला तर फडक्यात पाणी राहिलं होतं असं समजा. मोड आलेली मटकी कुकरला लावू नका, तिचा लगदा होतो. फोडणीवर परतून अर्धी वाटी पाणी घाला आणि झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं शिजवा. दाणा बोटात दाबला की चेपला पाहिजे. शेवटी दोन चमचे दाण्याचं कूट घातलं की रस्सा आळतो आणि दप्तरात सांडत नाही. वर लिंबू पिळायला विसरू नका: लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी जास्त लागतं. त्याच कारणासाठी सोबत पेरूच्या फोडीही चांगल्या. मार्च-एप्रिलमध्ये ओलं खोबरं घालू नका, दुपारपर्यंत त्याला वास येतो.

पोळीचा कंटाळा आला की मुगाची धिरडी करा. एक वाटी हिरवे मूग रात्री भिजवा, सकाळी आलं-जिरं घालून वाटा, दोन चमचे तांदळाची पिठी आणि बारीक चिरलेला पालक घाला. धिरडं उलटताना तुटलं तर एक तर तवा पुरेसा तापलेला नसतो, नाहीतर पालक जाडा चिरलेला असतो.

भात द्यायचा तर

दहीभात सकाळीच कालवून दिला तर अकरापर्यंत आंबट होतो. म्हणून भात मऊ शिजवून मोडून घ्या, कोमट होऊ द्या, एका वाटीला अर्धी वाटी कोमट दूध, लहान अर्धा चमचा दही आणि मीठ घाला. डब्यातच विरजण लागतं आणि सुट्टीपर्यंत गोडसर दहीभात तयार होतो. भात गरम असताना दही घातलं तर दूध फाटतं.

रात्रीचा फोडणीचा भात देणार असाल तर एका गोष्टीत तडजोड नको: भात रात्री गार होताच फ्रिजमध्ये गेला पाहिजे. बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही भातात टिकतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर हे जिवाणू वाढून विष तयार करतात आणि सकाळी कितीही खमंग परतलं तरी ते जात नाही. असा भात मोठ्यांनीही खाऊ नये, मुलाच्या डब्यात तर देऊच नये.

छोट्या सुट्टीसाठी

इथे दहाच मिनिटं असतात, तेव्हा दोन-चार घासांत संपणारं द्या: राजगिऱ्याचा लाडू, फुटाणे-गूळ, घरचा चिवडा किंवा एखादं वेलची केळं, सालासकट. सफरचंद चिरून द्यायचं तर वाटीभर पाण्यात पाव चमचा मीठ विरघळवून फोडी त्यात पाच मिनिटं ठेवा आणि निथळून भरा, काळ्या पडत नाहीत. द्राक्षं उभी चिरून द्या, घाईत अख्खं द्राक्ष घशात अडकू शकतं. दाण्याच्या लाडवाला एक वाटी भाजून सोललेले दाणे आणि अर्धी वाटी चिरलेला गूळ घ्या. मिक्सर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवला की तेल सुटतं. मुलं डबा वाटून खातात, म्हणून वर्गात कुणाला दाण्याची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारून घ्या.

क्रीमची बिस्किटं आणि वेफर्स खाऊच्या डब्यात नेहमीचे होऊ देऊ नका. जास्त मीठ, साखर आणि चरबी असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेपासून 50 मीटरच्या आत विकायला 2020 च्या नियमांनी बंदी आहे. ते घरातून पाठवले तर त्या नियमाचा उपयोग काय?

डबा परत आला की रागावण्याआधी आत बघा. भाजी संपून पोळी उरली असेल तर पोळी वातड होती. सगळंच निम्मं उरलं असेल तर प्रमाण जास्त होतं, उद्या एक पोळी कमी द्या. काहीच हललं नसेल तर झाकण उघडलं नसण्याची शक्यता आधी तपासा. नवा डबा घेतल्यावर मुलाकडून तो घरीच चार-पाच वेळा उघडून-लावून घ्या. झाकणाची रबरी रिंग रोज काढून धुवा आणि वाळवून बसवा. तिच्याखाली कालची उसळ राहिली तर आजच्या डब्यालाही तिचा वास येतो.