साथीच्या काळात कॅन्सरची ऑपरेशनं चालू कशी ठेवावीत

साथ आली की 'तातडीचं नाही ते सगळं बंद' असा आदेश निघतो आणि कॅन्सरची ऑपरेशनंही हर्निया-मोतीबिंदूच्या यादीत जाऊन बसतात. कोविडच्या काळात ६१ देशांतल्या सुमारे २०,००० रुग्णांची पाहणी झाली. कडक लॉकडाऊनमध्ये सातांतल्या एकाचं ठरलेलं ऑपरेशन झालंच नाही, आणि गरीब देशांत हे जास्त घडलं. उलट मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात ४९४ मोठी ऑपरेशनं झाली, आणि ऑपरेशननंतर एकही मृत्यू झाला नाही. म्हणजे नीट आखणी केली तर हे जमतं. जिल्ह्याच्या किंवा ट्रस्टच्या रुग्णालयाने काय करावं ते असं.

आधी यादी लावा. शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि कॅन्सरतज्ज्ञ यांनी आठवड्यातून एकदा बसून प्रत्येक केसपेपर पाहावा. गाल-जिभेचा कॅन्सर वर ठेवा: तो भराभर वाढतो आणि थांबवून धरायला खात्रीचं औषध नाही. थायरॉइडचा लहान पॅपिलरी (हळू वाढणारा) कॅन्सर काही महिने थांबू शकतो. पाळी गेलेल्या बाईच्या हार्मोन-पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणाऱ्या) स्तनाच्या गाठीला रोज लेट्रोझोल ही हार्मोन कमी करणारी गोळी २.५ मिग्रॅ देऊन वेळ काढता येतो. गुदाशयाच्या कॅन्सरला ५ दिवसांत २५ ग्रे (हे डोसचं माप) रेडिएशन देऊन ऑपरेशन ४ ते ८ आठवड्यांनी ठेवता येतं. पुढे ढकललेल्या प्रत्येक नावासमोर फेरतपासणीची तारीख आणि फोन करणाऱ्याचं नाव लिहा. तारीख नसलेला रुग्ण यादीतून हरवतो आणि परत येतो तेव्हा गाठ ऑपरेशनच्या पलीकडे गेलेली असते.

दुसरं काम स्वच्छ वाट. वेगळी इमारत मिळाली तर उत्तम, नाहीतर एक मजला घ्या: वॉर्ड, ओटी (ऑपरेशन थिएटर), रिकव्हरी आणि आयसीयूच्या खाटा, सगळं साथीच्या रुग्णांपासून तोडलेलं. हे बहुतेकदा फसतं ते लिफ्ट, एक्स-रे आणि जेवणाच्या ट्रॉलीपाशी. लिफ्ट एकच असेल तर वेळा वाटून घ्या. परिचारिका, वॉर्डबॉय आणि सफाईच्या मावशी यांचीही ड्युटी दोन्हीकडे लावू नका. डॉक्टरांच्या दोन टीम करा, एकमेकींना न भेटणाऱ्या. एक क्वारंटाइन झाली तरी ओटी चालू राहते.

ऑपरेशनआधी ७२ तासांच्या आत आरटी-पीसीआर करा आणि नमुना दिल्यापासून रुग्णाला घरीच थांबायला सांगा. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर ऑपरेशन शक्यतो पुढे ढकला. कोविडच्या सुरुवातीच्या लाटांत ७ आठवडे थांबायचा सल्ला होता, कारण त्याआधी केल्यास मृत्यूचा धोका वाढलेला दिसला होता. गाठ वेगाने वाढत असेल तर तिघा तज्ज्ञांनी मिळून ठरवावं आणि धोका नातेवाइकांना स्पष्ट सांगावा.

ऑक्सिजनचा हिशेब रोज सकाळी करा. जम्बो सिलेंडरमध्ये साधारण ७,००० लिटर असतो. मिनिटाला ५ लिटर लागणाऱ्या एका खाटेला दिवसाला एकाहून थोडा जास्त सिलेंडर जातो. चार खाटांना तीन दिवसांचे १३ सिलेंडर बाजूला कुलपात नसतील तर आयसीयू लागेल अशी केस घेऊ नका, लहान केसेस घ्या. आयसीयू आणि ओटीचे तास वाचवायचे तर तोंडाच्या मोठ्या ऑपरेशनात जखम भरायला फ्री फ्लॅपऐवजी (म्हणजे दुसरीकडचा तुकडा काढून रक्तवाहिन्या जोडून बसवण्याऐवजी) छातीच्या स्नायूचा पीएमएमसी फ्लॅप निवडा. तो दिसायला तितका सुबक नसतो, पण अशा काळात तोच बरा.

रक्तदान शिबिरं बंद पडतात, म्हणून रक्तपेढीत पिशव्या राखून ठेवल्याशिवाय तारीख देऊ नका. हिमोग्लोबिन कमी असेल तर वाट पाहण्याच्या आठवड्यांतच शिरेतून आयर्न द्या.

शेवटी प्रवास. एसटी बंद असताना गडचिरोलीचा रुग्ण नागपूरला पोचणार कसा? रुग्णालयाच्या लेटरहेडवर ऑपरेशनची तारीख, सोबतच्या एका नातेवाइकाचं नाव आणि वॉर्डचा फोन लिहून, शिक्का मारून, नाकाबंदीवर दाखवायला आधीच व्हॉट्सअॅपवर पाठवा. टाके गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढता येतात. कधी आणि कसे, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहा.