मागे राहिलेली पिशवी

सुका कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी सलग दोनदा माझी पिशवी दारातच ठेवली. तिसऱ्यांदा मी ती जुन्या वर्तमानपत्रावर उपडी केली. पुठ्ठे ओले, चिकट. एका बाटलीत घोटभर गोड पेय राहिलं होतं, तेच सांडलं होतं. तेवढ्यानं सगळा कागद वाया!

ओला, चिकट कागद घेत नाहीत. तेलकटही नवा कागद करायच्या लगद्याला चालत नाही, तेल तंतूंना धरून बसतं. म्हणून आता कागदाची पिशवी वेगळी. बाटल्या-डबे भांडी धुऊन उरलेल्या पाण्यात विसळते, पालथे घालते आणि कोरडे झाले की मगच टाकते. घासत बसायची गरज नाही. तेव्हापासून पिशवी मागे राहिलेली नाही.

प्लास्टिकवर त्रिकोणात त्याच्या प्रकाराचा आकडा असतो. 1 आणि 2 सहसा घेतात. आतून चांदीसारखी चमकणारी पाकिटं बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, त्यांचे थर सुटे होत नाहीत. बिलाची गुळगुळीत पावतीही कागदात नको. नखानं ओरखडा काढा, काळी रेघ उमटली तर त्यावर रसायन आहे.

फुटलेली काच मात्र जाड कागदात गुंडाळून, वर 'काच' लिहून, वेगळी देते. ताई पिशवी उघड्या हातांनी चाळतात.