बेडकावर मास्टर्स करायचंय? आधी कान तयार करा

मी शिरोळकडची, उसातच वाढलेली, आणि मास्टर्सला दक्षिण आफ्रिकेत डर्बनला आले तर तिथल्या किंग शाका एअरपोर्टच्या आसपास पण ऊसच, म्हटलं एवढं लांब येऊन हेच बघायचं होय! पण माझा बेडूक त्या उसामुळंच अडचणीत आलेला. नाव पिकर्सगिल्स रीड फ्रॉग, 1982 मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, जेमतेम तीन सेंटिमीटरचा, आणि जगात फक्त क्वाझुलू-नटाल, म्हणजे डर्बन ज्या प्रांतात आहे त्याच्या किनारपट्टीलगतच्या पाणथळीत सापडतो. त्या पाणथळी चर खणून कोरड्या केल्या, काहींवर ऊस आला, काहींवर घरं-कारखाने, आता उरल्यात त्या तुकड्यातुकड्यानं. माउंट मोरलंडची पाणथळ तर एअरपोर्टच्या अगदी शेजारी.

काम सगळं रात्रीचं. पाणकणीस आणि लव्हाळ्याची दाट गर्दी, त्यात हा बसतो, मादी हिरवीगार आणि नर तपकिरी, अंगावर फिकट पट्टे. दिसेल म्हणून शोधत बसाल तर सकाळ होईल, ऐकूनच शोधायचा. आणि इथंच नवीन माणूस फसतो, कारण शेजारी पेंटेड रीड फ्रॉग नावाचे दुसऱ्या जातीचे बेडूक शिट्ट्या मारून कान बधिर करतात आणि ह्याचा आवाज मात्र बारीक, किड्यासारखा, मध्येच येतो मध्येच गप्प. पहिल्या आठवड्यात मी जो आवाज रातकिडा म्हणून वहीत लिहिला नाही तोच हा निघाला, गाईड तासभर हसले. तुम्ही चालायला लागलात की तो बंद होतो, म्हणून बॅटरी बंद करून गप्प बसायचं, डास चावले तरी.

आधी तिथले कॉमन बेडूक पाठ करा, मगच हा वेगळा ऐकू येतो. रेकॉर्डर ठेवून यायची सोय असते, पण फाइल्स शेवटी तुम्हालाच ऐकायच्या आहेत.

पाण्यात उघड्या पायानं अजिबात उतरू नका, तिथं बिलहार्झियाचा (पाण्यातनं कातडीवाटे अंगात शिरणाऱ्या जंतांचा रोग) धोका आहे, वेडर्स म्हणजे वरपर्यंत येणारे वॉटरप्रूफ बूट-पँट घाला. एका पाणथळीतून दुसरीकडं जाताना बूट जंतुनाशकानं धुवायचे, कायट्रिड बुरशी बेडकांना मारते आणि ती आपल्याच बुटांवरून जाऊ शकते. कंटाळा येतो, धुवायचेच. परमिटचे कागद वेळेत टाका, नाहीतर सीझन गेला. प्रजननाचा काळ तिथला उन्हाळा, म्हणजे आपल्याकडं स्वेटर घालतात तेव्हा.

मादी अंडी पाण्यावर लोंबणाऱ्या पात्यांना चिकटवते, पिल्लं खाली पाण्यात पडतात. म्हणजे नुसतं पाणी असून भागत नाही, वर झाडोरा पाहिजे आणि तो पण बारमाही ओला. हे डोक्यात बसलं की नकाशावर नुसता निळा ठिपका बघून आपण खूश व्हायचं सोडतो. जोहान्सबर्ग झूमध्ये ह्यांची पैदास करून बेडूक परत पाणथळीत सोडलेत, पण सोडायला जागा तशीच लागते ना.

तयारी घरूनच सुरू करा. पावसाळ्यात रात्री ओढ्याकडं जाऊन मोबाईलवर दहा मिनिटं रेकॉर्ड करा, आणि किती वेगळे आवाज आहेत ते मोजा. मला पहिल्यांदा दोन वाटले होते, निघाले पाच.