वयस्कर माजी सैनिक वॉर्डातून न सांगता निघून जाऊ नये म्हणून काय करावं

निवृत्त सुभेदाराला गेटवरचा वॉचमन सहसा अडवत नाही. ताठ चाल आणि हुकमी आवाज. "गेट खोलो" म्हटलं की गेट उघडतं. या माणसाला स्मृतिभ्रंश आहे हे बघून कळत नाही. म्हणून लष्कराचं कमांड हॉस्पिटल असो की ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) यादीतलं खासगी रुग्णालय, काळजी जरा जास्तच घ्यावी लागते.

पहिलं काम भरतीच्या दिवशीचं. घरी कधी न सांगता बाहेर पडले होते का, रस्ता चुकले होते का, हे सिस्टरला सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. घरची गोष्ट म्हणून बरेचजण हे लपवतात आणि मग रात्री दोनला धावाधाव होते. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत हा धोका तपासणं हा नियमच आहे.

कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज अचानक असंबद्ध बोलायला लागला, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, वेदना, नवं औषध, कुठलंही कारण असू शकतं. डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. चष्मा आणि कानाचं यंत्र घरी राहिलं असेल तर आधी ते आणा.

मग ते कधी उठतात याची नोंद ठेवा. ही पायरी लोक सर्वात जास्त टाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वात कामाची. निघणारा माणूस बहुतेक वेळा कशासाठी तरी निघतो. पहाटे पाचला उठून बूट शोधणाऱ्याला पीटीला जायचं असतं. डॉक्टरांची हरकत नसेल तर त्याच वेळी हात धरून कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या मारून आणा. रात्री वारंवार उठत असतील तर झोपण्याआधी आणि मध्ये एकदा बाथरूमला न्या. दिवेलागणीला अस्वस्थता वाढते. दिवे लवकर लावा आणि ओळखीचा माणूस तेव्हा जवळ ठेवा. "ड्यूटीवर जायचंय" म्हणाले तर वाद घालू नका. कुठल्या पलटणीत होतात, सीओ (कमांडिंग ऑफिसर) कोण होते, असं विचारा. बोलता बोलता ते खाली बसतात.

खाट सिस्टरच्या टेबलासमोर, लिफ्ट-जिन्यापासून लांब मागून घ्या. बाहेरचे बूट, पिशवी, टोपी नजरेआड ठेवा. हात बांधायला सांगू नका, त्याने चिडचिड वाढते. खाटेचे कठडे दोन्ही बाजूंनी लावले तर त्यावरून चढून पडण्याचा धोका असतो. दाराचा अलार्म चांगला, पण वाजल्यावर उठणारं कुणी हवं.

मनगटाच्या पट्टीवर तुमचा मोबाइल नंबर असू द्या. रोज सकाळी त्या दिवसाच्या कपड्यांत फोटो काढा. शोधताना लग्नातला फोटो काही उपयोगाचा नाही!

शिफ्ट बदलताना, भेटीची वेळ संपताना, एक्स-रेच्या रांगेत, या वेळांना लक्ष सुटतं. तेव्हा "कुणीतरी आहे" चालत नाही. कोण आहे त्याचं नाव ठरलेलं हवं.

तरीही दिसेनासे झाले तर स्वतः हिंडत बसू नका. लगेच सिस्टरला सांगा, फोटो गेटवर पाठवा, सीसीटीव्ही बघायला सांगा. आत शोधताना जिने, बाथरूम, गच्ची, कुलूपबंद खोल्या, सगळं उघडून बघायला लावा. 2020 मध्ये अमेरिकेत बेडफर्डच्या माजी सैनिक रुग्णालयाच्या आवारात राहणारा एक जण हरवला. सुमारे महिन्याभराने तो राहत होता त्याच इमारतीच्या आपत्कालीन जिन्यात मृतावस्थेत सापडला. आवारात सापडले नाहीत तर 112 ला फोन करा.

सापडल्यावर रागावू नका. पाणी द्या, पडले-लागले का बघा, चुकलेल्या औषधाचं डॉक्टरांना विचारा. मग कुठे निघाला होतात ते सहज विचारा आणि उत्तर केसपेपरवर नोंदवून घ्या.