बाहेरचं कुलूप सांगतं, घर रिकामं आहे: घरफोडी टाळण्यासाठी काय करावं

नाशिकच्या वर्तमानपत्रांत घरफोडीची बातमी वर्षानुवर्षं जवळपास एकाच साच्यात येते. कुटुंब गावाला गेलं होतं, चोरट्यांनी बंद घराचा कडीकोयंडा तोडला, कपाटातले दागिने आणि रोकड नेली. इंदिरानगर असो, म्हसरूळ असो की नाशिकरोड, आकडा तेवढा बदलतो. घर रिकामं असल्याचं बाहेरून कळलं, कोयंडा एका हिसक्यात निघाला आणि ऐवज कुणीही आधी शोधेल तिथेच होता. या तीन गोष्टी बदलायच्या. त्याला फार पैसा लागत नाही; कॅमेऱ्यापासून सुरुवात करणाऱ्यांचा मात्र उगाच जातो.

आधी दार

संध्याकाळी दाराबाहेर उभं राहून स्वतःच्याच कोयंड्याकडे बघा. हजार रुपयांचं कुलूप आणि ते अडकवलंय अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर, असं चित्र बहुतेक घरांत दिसेल. चोर कुलपाला हातच लावत नाही, पहार घालून कोयंडा उचकटतो. सुताराला बोलावून तो कोयंडा दाराच्या आरपार बोल्टने बसवून घ्या आणि नट आतल्या बाजूला ठेवा. तासाभराचं काम आहे.

त्याहून चांगलं म्हणजे दाराच्या आतच बसणारं, चौकटीत दोन-तीन दांडे सोडणारं कुलूप. त्याचा मोठा फायदा मजबुतीपेक्षा वेगळाच आहे: घरात माणूस आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. लटकतं कुलूप गल्लीच्या टोकावरून दिसतं. लॅच असेल तर दार नुसतं ओढून निघू नका. ओढून लागलेला लॅच पातळ पट्टीनेही सरकवता येतो. किल्ली फिरवून डबल लॉक केलं तरच तो कुलूप म्हणायचा.

सेफ्टी डोअर घेताना त्याची कडी जाळीतून हात घालून काढता येत नाही ना, हे दुकानातच करून बघा. आणि आत बसणारं कुलूप लावल्यावर दाराबाहेरची जुनी कडी काढून टाका. इमारतीत चोरी करताना शेजारच्या दारांना बाहेरून कडी लावून टाकायची, म्हणजे आवाज झाला तरी कुणी बाहेर येत नाही, ही चोरांची जुनी खोड आहे. तुमच्या दाराला बाहेर कडीच नसेल तर तुम्ही अडकणार नाही.

मग मागची बाजू

पुढच्या दारावर सगळं लक्ष जातं आणि बाथरूमची खिडकी तशीच राहते. काचेच्या पट्ट्यांची ती खिडकी बाहेरून एकेक पट्टी ओढून मोकळी करता येते. तिला आतून ग्रिल हवंच, आणि त्या ग्रिलचे स्क्रू बाहेरून फिरवता येणार नाहीत असे. सरकत्या अॅल्युमिनियम खिडक्यांच्या खालच्या पट्टीत आतून लाकडी काठी आडवी टाकली तर खिडकी सरकत नाही. फुकटचा उपाय आहे.

पाथर्डी फाटा, अशोकनगर भागातल्या रो हाऊसवाल्यांनी आणि सिडकोत दाटीच्या गल्ल्यांत राहणाऱ्यांनी गच्चीचं दार हेच मुख्य दार समजावं. गच्च्या एकमेकींना लागून असतात. शेजारी बांधकाम चालू असेल तर परांचीसुद्धा जिन्याचं काम करते. तरी गच्चीच्या दाराला अनेकदा पत्रा आणि एक साधी कडी एवढंच असतं. तिथे आतून जाड लोखंडी आडवी पट्टी लावा. शिडी अंगणात उभी ठेवू नका. उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवून झोपत असाल तर मोबाईल, पर्स, गाडीची किल्ली खिडकीपासून लांब ठेवा. काठीने वस्तू ओढून घेणाऱ्याला घरात शिरावंही लागत नाही.

गावाला जाताना

दिवाळी, मे महिना आणि लग्नसराई हा घरं बंद राहण्याचा काळ, हे चोरांनाही माहीत असतं. निघण्याच्या आदल्या दिवशी दूध आणि पेपर बंद करायला सांगा. पण खरी खूण त्याहून बारीक असते. दारापुढचा केर तसाच पडलेला, रोजची रांगोळी नाही, फाटकाला अडकवलेली जाहिरातीची पत्रकं, दोरीवर एकही कपडा नाही. हे सगळं शेजारच्या काकूंना सांगता येतं: सकाळी आमच्याही दारात झाडू फिरवा, दोन रेघा रांगोळीच्या ओढा. दाराबाहेर चपलांचे एक-दोन जुने जोड राहू द्या. उलट बाहेरचा दिवा चार दिवस अखंड जळत ठेवणं म्हणजे भर दुपारी बंद घराची पाटी लावणं. ठरलेल्या वेळी लागणारा आणि बंद होणारा टायमर विजेच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. तो हॉलच्या दिव्याला लावा.

किल्ली कुंडीखाली, मीटरच्या पेटीत, चपलांच्या कपाटात किंवा तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात ठेवू नका. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या हातात द्या. सहलीचे फोटो परत आल्यावर टाका. व्हॉट्सअॅपचं स्टेटस ओळखीच्या ओळखीपर्यंत जातं. जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन किती दिवस घर बंद आहे ते सांगून ठेवा, म्हणजे गस्तीवरच्या बीट मार्शलला कळवता येतं. यात संकोच कसला?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्यांनी काम करणाऱ्या घरांना गावाला जायचीही गरज नसते. नवरा पहिल्या पाळीला, बायको कामावर, मुलं शाळेत; घर रोज ठरलेल्या वेळी रिकामं. त्यांच्यासाठी डबल लॉक आणि दुपारी घरी असणारा एक शेजारी, एवढं पहिल्यांदा.

सोनं

देवघर, गादीखाली, तांदळाचा डबा, साड्यांची घडी. आपल्याला सुचलेल्या जागा चोरालाही सुचतात, कारण तोही अशाच घरात वाढलेला असतो. लोखंडी कपाटाची किल्ली तर कपाटावरच असते. रोज न लागणारे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि लग्नासाठी काढलेले लग्न झाल्यावर लगेच परत ठेवा. बरीच घरं नेमकी मधल्या दिवसांत फुटतात असं मला वाटतं. लॉकरमधल्या वस्तूंना काहीच हमी नसते हा समजही अर्धवट आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार बँकेच्या निष्काळजीपणामुळे झालेली चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांसाठी बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत असते. किमतीच्या मानाने ती रक्कम तुटपुंजी ठरू शकते, म्हणून विम्याचीही चौकशी करा.

दागिन्यांची बिलं आणि प्रत्येक दागिन्याचा फोटो फोनशिवाय आणखी एका ठिकाणी ठेवा. अलीकडच्या हॉलमार्क दागिन्यांवर अक्षर-अंकांचा सहा जागांचा एचयूआयडी क्रमांक कोरलेला असतो. भिंगातून पाहून तो वहीत लिहून ठेवा.

दारावर येणारे

भांडी-दागिने चकचकीत करून देणारे, गॅसची शेगडी तपासायला आलेले, कुरिअरवाले. घरात आजी-आजोबा एकटे असतील तर जाळीचं दार न उघडता बोलायची सवय हवी. रस्त्यातला जुना डाव म्हणजे तोतया पोलीस: "पुढे गडबड झालीय, दागिने काढून रुमालात बांधून ठेवा." पोलीस कधीही रस्त्यात दागिने काढायला सांगत नाहीत. ही एक ओळ आजीला पाठ करून द्या. सकाळी फिरायला जाताना मंगळसूत्र पदराखाली किंवा ओढणीखाली ठेवा, आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चाला.

कॅमेरा, पण नीट

कॅमेरा तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर लावला तर त्यात टोप्या आणि टकलं दिसतात. एक तरी कॅमेरा फाटकाजवळ, चेहरा येईल इतक्या खाली हवा. रात्रीचं चित्रण लावल्याच्या पहिल्याच रात्री बघा. जवळच्या पांढऱ्या भिंतीवरून प्रकाश परतला की माणूस नुसता काळा डाग होतो. चित्रण साठवणारी पेटी, म्हणजे डीव्हीआर, टीव्हीखाली ठेवू नका, चोर जाताना तोही उचलतो. त्यावरची तारीख-वेळ बरोबर आहे का आणि रेकॉर्डिंग खरंच होतंय का, हे महिन्यातून एकदा पाहा. शेजाऱ्याच्या खिडकीवर रोखलेला कॅमेरा लावून ज्या शेजाऱ्याची मदत हवी त्यालाच दुखवू नका.

गल्ली आणि सोसायटी

गल्लीतला बंद पडलेला दिवा, रात्री झोपणारा वॉचमन, सताड उघडं पार्किंग, या गोष्टी कॅमेऱ्याच्या आधी बैठकीत घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं घरमालकाचं काम आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही ती देता येते. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटी-तपोवन भागात खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र स्वतः पाहून नोंद ठेवावी.

संशयास्पद माणूस दिसला तर ११२ ला फोन करा. गाडीचा नंबर, कपडे, कुठल्या दिशेने गेला, एवढं सांगा. अफवा ग्रुपवर ढकलू नका आणि माणसाला अडवून मारहाण तर अजिबातच नको. शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षेकरी होते, चोर नव्हते.

तरी घर फुटलंच तर

परत आल्यावर दार फुटलेलं दिसलं तर आत जाऊ नका. चोर आत असू शकतो. बाहेरूनच ११२ ला फोन करा. पोलीस येईपर्यंत कपाट, दार, सांडलेलं सामान कशालाही हात लावू नका, ठसे तिथेच असतात. घर आवरायची घाई पंचनाम्यानंतर.

फिर्याद कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून ती नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार ती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. एटीएम कार्ड, चेकबुक गेलं असेल तर बँकेला आधी कळवा. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. मोबाईल गेला असेल तर तो सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून बंद करता येतो, त्यासाठी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक लागतो. तो आजच *#०६# दाबून लिहून घ्या.

चोर सापडला आणि सोनं मिळालं तरी ते न्यायालयाच्या आदेशानेच परत मिळतं. बऱ्याचदा सोनं वितळवलेलंही असतं. पण दागिना शाबूत सापडला तर तो तुमचाच आहे हे दाखवायला बिल, फोटो आणि वहीतला तो सहा जागांचा क्रमांक लागतो.